महोत्सवाचें ऋण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मिस्सेनंतर शाळेच्या पटांगणांत भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजचा हा मंगल दिवस परमेश्वरानें आपणांस दाखविला, याबद्दल प्रथम त्याचे आभार मानूं या. पन्नास वर्षांपूर्वीं मूळ धर्मग्रामापासून वेगळें होऊन आपण येथें स्वतंत्र झालों, तेव्हां या जागीं ना देऊळ होतें ना शाळा. एका बागायतदाराच्या वाडींत, माडाच्या झापांच्या मांडवाखालीं रविवारीं मिस्सा होई, आणि सोमवारीं त्याच मांडवांत मुलें पाट्या घेऊन बसत. पुढें पैसा जमला तेव्हां पक्की भिंत प्रथम शाळेची उभी राहिली आणि देवळाची मागाहून, ही गोष्ट येथें बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक आहेच. त्यांनीं आधीं मुलांच्या डोक्यावर छप्पर घातलें व मग वेदीवर. देव त्याबद्दल रुष्ट झाला असेल, असें मला वाटत नाहीं.

आज सकाळपासून आपण गौरवाचीं पुष्कळ भाषणें ऐकलीं. तीं योग्यच होतीं. ज्यांनीं कष्ट केले, त्यांचें नांव घेणें हा कृतज्ञतेचा धर्म आहे. परंतु तुमचा धर्मगुरु या नात्यानें मला आज थोडें निराळें बोलावयाचें आहे. घरांत लग्नकार्य आटोपल्यावर कर्ता पुरुष जसा वही घेऊन ओसरीवर बसतो, तसा मी आज तुमच्यापुढें हिशेबाची वही घेऊन उभा आहें.

‘ज्युबिली’ हा शब्द आपण सहज वापरतों. त्याचें मूळ ‘योबेल’ या इब्री शब्दांत आहे, आणि त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत इस्राएली लोकांस अशी आज्ञा आहे कीं, वर्षांचीं सात सप्तकें मोजावीं, आणि पन्नासावें वर्ष लागतांच देशभर शिंग फुंकावें. त्या वर्षीं दास झालेल्या मनुष्यानें मोकळें होऊन आपल्या कुळांत परत जावें, आणि दारिद्र्यामुळें ज्यानें आपली शेतजमीन विकली असेल, त्याला ती परत मिळावी. कारण असें दिलें आहे कीं, जमीन मुळीं परमेश्वराची; तुम्ही तिच्यावर राहणारे पाहुणे. प्रभु येशूनें नासरेथच्या सभास्थानांत ग्रंथ उघडून आपल्या कार्याची घोषणा केली, तेव्हांहि दीनांस शुभवार्ता व बंदिवानांस सुटका देणाऱ्या अशाच वर्षाचा त्यानें उच्चार केला. पुढें १३०० सालीं पोप आठवे बोनिफास यांनीं ख्रिस्तसभेंत पवित्र वर्षाची प्रथा घातली, आणि २०२५ सालीं आपणहि तें वर्ष पाळलें.

या सर्वांत एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पन्नासाव्या वर्षीं कोणीं कोणास शाल व श्रीफळ दिल्याचा उल्लेख त्या ग्रंथांत नाहीं. तेथें प्रश्न एकच आहे: जें आपलें म्हणून आपण धरून बसलों आहों, त्यांतलें परत काय द्यावयाचें आहे? तोच प्रश्न मी आज आपल्या शाळेविषयीं विचारणार आहें. ही शाळा आपली मिळकत आहे कीं आपल्यावरचें ऋण आहे?

वसईच्या या भूमींत ख्रिस्ती श्रद्धा आणि विद्या यांचा संबंध जुना आहे. १५३४ सालीं गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि त्यानंतर किल्ल्यांत निरनिराळ्या संघांच्या धर्मगुरूंनीं मठ व शाळा उभारल्या. त्यांपैकीं येशूसंघीय धर्मगुरूंपाशीं वसईचा एक मुलगा शिकला. तेच आपले संत गोन्सालो गार्सिया. कोंवळ्या वयांत ते धर्मगुरूंसमवेत जपानला गेले, तेथील भाषा त्यांनीं आत्मसात् केली, पुढें कांहीं काळ व्यापार केला, आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून प्रविष्ट झाले. त्या संघाचे धर्मगुरु जपानला निघाले, तेव्हां दुभाषी म्हणून हेच बरोबर गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांनीं क्रुसावर प्राण दिला, आणि ८ जून १८६२ रोजीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. वसईच्या शाळेंत मिळालेली विद्या या मुलानें आपल्या वाड्याच्या कुंपणाआड ठेविली नाहीं. ज्यांच्याशीं आपलें रक्ताचें, जातीचें, भाषेचें कांहींच नातें नव्हतें, त्यांच्या सेवेस त्यानें ती लाविली. त्यांचा सण आपण दरवर्षीं थाटानें करतों. परंतु सणाबरोबर हा धडाहि आपल्याकडे आला आहे काय?

दुसरें उदाहरण शेजारच्या गोव्याचें. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ सालीं गोव्यास आले व साष्टींत लोकांबरोबर राहिले. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ हें मराठी काव्य १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. तें जन्मास कसें आलें, हें काव्याच्या आरंभींच सांगितलें आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका नवख्रिस्ती गृहस्थानें गुरूजींस विचारलें कीं, आमचीं जुनीं पुराणें तर सुटलीं; आतां आम्हीं वाचावें काय? त्या एका प्रश्नाला उत्तर म्हणून त्या परदेशी मनुष्यानें हजारों ओव्या रचिल्या. शिष्यानें मागावें आणि गुरूनें त्याच्याच भाषेंत द्यावें, अशी आपल्याकडील शिक्षणाची सुरुवात आहे. याच परंपरेंतून आलेले आपल्या वसईचे एक धर्मगुरु, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० सालीं उस्मानाबाद येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं विराजमान झाले, तेव्हां आपणां सर्वांची मान उंचावली होती.

१७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. परदेशी धर्मगुरु गेले, किल्ल्यांतील मठ व मंदिरें ओस पडलीं. तरीहि श्रद्धा टिकली. मूठभर देशी धर्मगुरूंनीं ती जपली, हें खरें. परंतु त्यांच्याहून अधिक ती जपली घराघरांतील आजीबाईंनीं, ज्यांनीं दिवेलागणीला मुलांस गुडघ्यावर बसवून प्रार्थना पाठ करून घेतली. माझी आजी अशांपैकींच एक. तिला अक्षरओळख नव्हती. वाडींतील भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती पहाटेच्या गाडीनें मुंबईस जाई. स्थानकाची पाटी तिला वाचतां येत नसे. खिडकींतून दिसणाऱ्या खुणांवरून कोठें उतरावयाचें तें ती ओळखी. परंतु संपूर्ण रोजरी, सर्व रहस्यांसह, तिनेंच मला आमच्या सामवेदी बोलींत समजावून दिली. सेमिनरींत पुढें मीं मोठमोठे ग्रंथ अभ्यासिले. पण तिनें घातलेल्या पायाहून खोल पाया त्यांतील एकानेंहि घातला नाहीं.

मी आठवींत असतांना एका पावसाळ्यांत आमच्या वाडींत खारें पाणी शिरलें व पीक गेलें. सत्राची फी व पुस्तकांचे पैसे थकले. शाळेंतून नांव कमी होणार, अशा भीतीनें मी रोज मागच्या बाकावर बसे. परंतु तें झालें नाहीं. महिन्याभरानें वर्गशिक्षकांनीं मला जवळ बोलावून हळूच सांगितलें, “तुझे पैसे भरले गेले आहेत, पुढच्या बाकावर ये.” कोणीं भरले, हें मीं विचारलें, त्यांनीं सांगितलें नाहीं. आज ते शिक्षक हयात नाहींत, आणि तें नांव मला आजतागायत कळलेलें नाहीं. म्हणून हें ऋण मी कोणा एका मनुष्यास फेडूं शकत नाहीं. जो मुलगा उद्यां माझ्या दारांत येईल, त्याच्याच हातांत तें ठेवणें मला प्राप्त आहे.

बंधुभगिनींनो, तो मुलगा माझ्या दारांत आला होता. आणि मीं काय केलें, तें मी आज लपविणार नाहीं.

गुरुदीक्षा होऊन मला थोडींच वर्षें झालीं होतीं. एका दुसऱ्या धर्मग्रामांत शाळेचा कारभार माझ्याकडे होता. आपणांस माहीत आहे कीं, दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडून आदिवासी कुटुंबें आपल्या तालुक्यांतील वीटभट्ट्यांवर येतात, आणि पाऊस लागण्यापूर्वीं गांवीं परततात. डिसेंबरच्या आरंभीं अशीच एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलास घेऊन कचेरींत आली. हातांना चिखल, पायांत कांहीं नाहीं. म्हणाली, “बाबा, पोराला शाळेंत बसूं द्या. भट्टीवर आगीजवळ खेळतो, जिवाला घोर लागतो.” मीं जन्माचा दाखला मागितला, तो नव्हता. मीं म्हटलें, “वर्ष अर्धें संपलें, आतां जागा नाहीं, जूनमध्यें या.” जूनमध्यें ती येथें नसणार, हें मला पक्कें ठाऊक होतें. आम्ही बोलत असतां तो मुलगा पहिलीच्या वर्गाच्या खिडकीशीं उभा होता. आंत मुलें पाढे म्हणत होतीं, आणि बाहेर याचे ओठ त्यांच्याबरोबर हालत होते. आईनें त्याचा हात धरला, आणि दोघें निघून गेलीं.

त्याच महिन्यांत नाताळच्या मध्यरात्रीं मी प्रवचनास उभा राहिलों. विषय नेहमींचाच: बेथलेहेमांत पवित्र कुटुंबाला उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं. मी उतारशाळेच्या मालकाच्या कठोर मनाविषयीं बोलूं लागलों, आणि ‘जागा नाहीं’ हे दोन शब्द तोंडून निघतांच माझा आवाज बसला. ते शब्द त्या मालकाचे नव्हते. तीन आठवड्यांपूर्वीं मींच ते उच्चारले होते. सणानंतर मी भट्ट्यांवर चौकशीस गेलों. तें बिऱ्हाड दुसरीकडे गेलें होतें. त्या मुलाचें नांवहि मीं विचारून ठेविलें नव्हतें.

आतां कायद्याचें पाहूं. आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमानें अल्पसंख्याकांस स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. तो मौल्यवान आहे, आणि त्याचें रक्षण केलेंच पाहिजे. २००९ सालीं बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. वयाचा दाखला नाहीं म्हणून मुलास शाळा नाकारूं नये, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. आणि विनाअनुदानित खासगी शाळांनीं पहिल्या वर्गांतील किमान चतुर्थांश जागा दुर्बळ व वंचित घरांतील मुलांस द्याव्या, असेंहि आहे. परंतु ६ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, अल्पसंख्याकांच्या शाळांस हा कायदा लागू नाहीं. २०२५ सालीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं त्या निर्णयाविषयीं शंका व्यक्त करून हा प्रश्न अधिक मोठ्या पीठापुढें जावा, असें सुचविलें. न्यायालय काय ठरवावयाचें तें ठरवील, आणि आपण तें आदरानें मानूं. माझा प्रश्न न्यायालयाला नाहीं, तुम्हांला व मला आहे. कायद्यानें आपणांस मोकळीक दिली. सुवार्तेनें दिली आहे काय?

व्हॅटिकन येथील दुसऱ्या विश्वपरिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं शिक्षणाविषयीं घोषणापत्र प्रसिद्ध केलें. कॅथॉलिक शाळांनीं कोणाची विशेष काळजी वाहावी, हें त्यांत सांगितलें आहे: जे ऐहिक संपत्तीनें दरिद्री आहेत, जे कुटुंबाच्या आधाराला व मायेला पारखे आहेत, आणि जे आपल्या श्रद्धेचे नाहींत. हे तिघेहि त्या एका भट्टीवरच्या झोपडींत सांपडतात. त्यांस शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल, “फादर, आमच्याच मुलांस जागा मिळत नाहीं, आणि तुम्ही परक्यांस बोलवितां?” हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. ज्या आईबापांनीं या भिंतींसाठीं विटा वाहिल्या, त्यांच्या नातवंडांचा येथें हक्क आहे. परंतु जागेचें खरें चित्र पाहा. इंग्रजी विभागाच्या दारांत जूनमध्यें रांग लागते, आणि मराठी विभागांत बाकें रिकामीं राहतात. मुलास इंग्रजी यावें, असें वाटणाऱ्या बापास मी दोष देत नाहीं; पोटाचा प्रश्न मलाहि समजतो. मात्र रिकामीं राहिलेलीं बाकें तेवढीं गरिबास द्यावीं आणि भरलेल्या वर्गाचें दार त्यास बंद ठेवावें, हें दान नव्हे. आपणांस नको झालेली वस्तु दुसऱ्यास दिल्यानें ऋण फिटत नाहीं. आणि ‘परका’ हा शब्द जपून वापरावा. ज्यानें माझी फी भरली, त्याला मी परकाच होतों.

आपल्याकडील बावखलांची गोष्ट तुम्हांस सांगावयास नको. प्रत्येक वाडींत पूर्वीं एक बावखल असे. पावसाचें गोडें पाणी तींत सांठे, भूमींत मुरे, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनहि आपल्या विहिरी गोड राहत. पुढें जमिनीस भाव आला. ज्यानें त्यानें आपली बावखल बुजविली आणि म्हटलें, जागा माझी आहे, मी वाटेल तें करीन. आज कोणाची विहीर खारी झाली? ज्यानें बुजविली त्याची झाली, आणि शेजाऱ्याचीहि झाली. कारण भूमीच्या पोटांत कुंपणें नसतात. शाळा ही अशीच धर्मग्रामाची बावखल आहे. तिच्यांत सांठलेलें सगळ्यांसाठीं मुरावें, म्हणून ती खणली गेली. ती आपल्यापुरती बुजवून घेतली, तर पहिल्यानें खारी होईल ती आपलीच विहीर. धर्मग्राम म्हणजे कांहीं एकरांची जमीन नव्हे, ती श्रद्धावंतांची मंडळी होय, असें १९८३ सालचें धर्मविधान सांगतें. मंडळी तेव्हांच मंडळी राहते, जेव्हां तिच्या दाराबाहेर उभा असलेला तिला दिसतो.

म्हणून या सुवर्णमहोत्सवीं मी तुमच्यापुढें तीन गोष्टी ठेवितों. त्या आज्ञा नव्हेत. पुढील महिन्यांत धर्मग्राम-मंडळाच्या सभेंत त्यांचा विचार व्हावयाचा आहे, आणि तेथें मोकळेपणानें विरोध करण्याचीहि सर्वांस मुभा आहे.

पहिली गोष्ट: येत्या जूनपासून पहिलीच्या वर्गांत, दोन्ही विभागांत, प्रत्येक चौथी जागा गरीब घरांतील मुलास द्यावी. धर्म विचारूं नये, जात विचारूं नये; आणि दाखला नसेल तर तो मिळवून देण्याचें काम कचेरीनें करावें. त्यांचा गणवेश व पुस्तकें यांचा भार धर्मग्रामानें उचलावा. सणाच्या दिवशीं आतषबाजीवर व बँडवर आपण जें खर्चितों, त्याचा अर्धा भाग इकडे वळविला, तरी संत आपल्यावर रागावणार नाहींत. या कामाची पहिली वर्गणी माझ्या स्वतःच्या मिळकतींतून मीं आज सकाळींच खजिनदारांकडे दिली आहे.

दुसरी गोष्ट: दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत, भट्टीवरच्या मुलांसाठीं शाळेच्या दोन खोल्या दुपारनंतर उघड्या ठेवाव्या. निवृत्त शिक्षक व आपलीं महाविद्यालयांत शिकणारीं मुलेंमुली यांनीं आळीपाळीनें तेथें बसावें. ती मुलें पावसाळ्यांत गांवीं परत जातील, हें खरें. पण जातांना अक्षरें बरोबर नेतील.

तिसरी गोष्ट घरची आहे, आणि तिला एक पैहि लागत नाहीं. संध्याकाळीं पाव तास घरांतील सर्वांनीं एकत्र बसून आपल्या बोलींत प्रार्थना करावी, आणि त्यानंतर मुलानें मोठ्यानें एक पान वाचून दाखवावें. आपण प्रार्थना धर्मगुरूंवर सोंपविली, अभ्यास शिकवणीवर सोंपविला, आणि घर निव्वळ जेवण्या-झोपण्यापुरतें उरलें. ज्या घरांत आजी मुलाला कांहीं देत नाहीं, त्या घरांतला मुलगा पुढें दुसऱ्याला काय देणार?

आणखी पन्नास वर्षांनीं या पटांगणांत शताब्दीची सभा भरेल. त्या वेळीं मी नसेन. तुम्हांपैकींहि पुष्कळजण नसतील. आपल्या नांवाची संगमरवरी पाटी तेव्हां कोणी वाचील कीं नाहीं, कोण जाणे. परंतु त्या सभेंत मागच्या बाजूस एखादा अनोळखी गृहस्थ उभा राहावा, आणि त्यानें म्हणावें, “मी भट्टीवरचा मुलगा. येथें मला कोणींतरी आंत घेतलें. कोणीं घेतलें, तें नांव मला कळलें नाहीं.” एवढें झालें, तर आपल्या वहींतील एक नोंद खोडली गेली असें समजावें.

परमेश्वर आपणांस तशी बुद्धि देवो, पवित्र मरिया आपल्या घरांवर मायेचा पदर धरो, आणि संत गोन्सालो आपल्या मुलांसाठीं सदैव विनंती करोत. आमेन.